आरमारी खलाशाचं युद्धपदक कसं वाचावं: कडेपासून हजेरीपटापर्यंत

एकोणिसाव्या शतकातलं ब्रिटिश आरमाराचं पदक हातात आलं की नजर आधी राणी व्हिक्टोरियाच्या चेहऱ्यावर जाते. पण तो चेहरा हजारो पदकांवर तोच आहे. ज्या खलाशाच्या छातीवर ते लागलं त्याची ओळख, असलीच तर, पदकाच्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या कडेवर असते. म्हणून काम कडेपासून सुरू करायचं आणि जहाजाच्या हजेरीपटावर संपवायचं. कड दावा करते, तो खरा की खोटा हे कागद ठरवतात. हा क्रम उलटा केला की माणूस आधी गोष्टीच्या प्रेमात पडतो आणि मग पुरावे शोधत बसतो.

नेहमी लागणारे शब्द असे: रिबनला फीत, फीत ज्यातून ओवतात त्या आडव्या भागाला दांडी, आणि दांडीवर बसवलेल्या, लढाईचं नाव असलेल्या पट्टीला क्लास्प.

आधी हात आवरा

पदक काळं पडलेलं असेल तर तसंच राहू द्या. चिंच, राख, रांगोळी, टूथपेस्ट, सोनाराचं सिल्व्हर डिप यातलं काहीही लावू नका. प्रत्येक घासण्यात चांदीचा थर जातो आणि कडेवरच्या उथळ अक्षरांच्या धारा बोथट होतात. शिवाय तो काळेपणा हाच पुरावा असतो. शंभर-दीडशे वर्षांत अक्षराच्या खाचेत बसलेला काळा थर आणि भोवतालच्या सपाट भागावरचा थर एकाच वयाचे दिसायला हवेत. पृष्ठभाग काळसर आणि अक्षरांच्या खाचा मात्र चकचकीत असतील, तर नाव मागाहून घातलेलं असण्याची शंका धरा.

मग फोटो काढा: दर्शनी बाजू, मागची बाजू, दांडीचा सांधा, क्लास्पच्या रिबिटा दोन्ही बाजूंनी आणि कडेचे आठ फोटो, प्रत्येक वेळी पदक ४५ अंश फिरवून. उजेड एकाच बाजूने, अगदी खालच्या कोनातून येऊ द्या. वरून पाडलेल्या उजेडात उथळ अक्षरं हरवतात. फीत टाके घालून शिवलेली असेल तर उसवू नका, ते टाकेही मूळचे असू शकतात.

कड वाचणे

दहापट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग घ्या. कडेवर जे दिसतं ते टिंब, स्वल्पविराम, मोठी-लहान अक्षरं यांसकट जसंच्या तसं उतरवून घ्या. स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी सुधारू नका. त्याच चुकीने ते पदकांच्या यादीत नोंदलेलं असू शकतं.

त्यानंतर अक्षरं कशी घडवली आहेत ते पाहा. ठशाने दाबलेल्या अक्षराचा तळ सपाट असतो, रेषेची जाडी ठरीव असते आणि तेच अक्षर पुन्हा आलं तर हुबेहूब तसंच येतं. हाताने कोरलेल्या अक्षरात हत्याराची सुरुवात बारीक, मधे रुंद, शेवट निमुळता असतो. दोन 'ए' कधी तंतोतंत सारखे नसतात. उठावाची अक्षरं फक्त एका पदकावर, त्याचं पुढे येईलच. एखाद्या पदकाला कोणती पद्धत अपेक्षित आहे हे माहीत असलं की निम्मी लबाडी इथेच पकडली जाते.

नॅव्हल जनरल सर्व्हिस मेडल हे १७९३ ते १८४० या काळातल्या लढायांचं पदक. त्यावर साल मात्र १८४८ आहे, कारण मंजुरीच १८४७ साली मिळाली. त्याच्या कडेवर ठशाने दाबलेली रोमन अक्षरं असतात आणि साध्या खलाशाचं फक्त नाव असतं. जहाजाचं नाव नाही. यातूनच सर्वांत मोठा घोटाळा होतो. या पदकाच्या सुमारे २१,००० मानकऱ्यांत एकाच नावाचे कितीतरी आहेत. 'जॉन स्मिथ' आणि नवारिनोचा (१८२७ च्या आरमारी लढाईचा) क्लास्प, एवढ्यावर माणूस ठरत नाही. एका नावाचे दोन दावेदार त्याच क्लास्पखाली सापडले आणि क्लास्पची जोडीही सारखीच निघाली, तर दोन्ही नावं लिहून थांबावं. त्यापुढे जाऊन एकाला निवडणं म्हणजे दुसऱ्याचं पदक हिरावून घेणं.

या पदकाची आणखी एक अट लक्षात ठेवा. ते अर्ज केलेल्या, हयात असलेल्या माणसांसाठी होतं. २१ ऑक्टोबर १८०५ ला ट्राफल्गारला लढलेल्या खलाशाला ते मिळायला तो ४२ वर्षांनंतर जिवंत हवा होता, आणि अर्ज करता येईल इतकी बातमीही त्याच्यापर्यंत पोहोचायला हवी होती. त्या लढाईत ब्रिटिश बाजूने १७,००० हून जास्त माणसं होती, पण ट्राफल्गारचा क्लास्प दोन हजारांपेक्षा कमी जणांना मिळाला. तेव्हा "पणजोबा ट्राफल्गारला होते, मग पदक कुठे गेलं?" याचं उत्तर बहुतेक वेळा "मिळालंच नाही" असं असतं. सर्वाधिक क्लास्प १८४० च्या सीरिया मोहिमेचे, सुमारे ७,०००. लढाई ताजी होती, माणसं हयात होती.

१८४२ च्या चीन पदकाला क्लास्प नाही. मागे 'आर्मिस एक्स्पोस्केरे पाकेम' ही लॅटिन ओळ, ढालीभोवती शस्त्रांचा ढीग, ताडाचं झाड आणि खाली 'चायना १८४२'. कडेवर ठसठशीत ठशाची अक्षरं आणि जहाजाचं नाव. इथे मुंबईचा संबंध सरळ आहे: ज्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला, ते मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानात बांधलेलं. नवारिनोला (२० ऑक्टोबर १८२७) ॲडमिरल कॉड्रिंग्टनचं निशाण ज्यावर होतं ते 'एशिया'ही मुंबईचंच, १८२४ सालचं. कडेवर 'कॉर्नवॉलिस' दिसलं तर ते मुंबईच्या सागवानावर वावरलेल्या माणसाचं पदक आहे हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

आता कोऱ्या कडेची पदकं. १८५४-५५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धाचं बाल्टिक पदक आरमाराला कोऱ्या कडेनेच दिलं गेलं. सरकारी ठशाने नाव घातलेली बाल्टिक पदकं फक्त सॅपर्स अँड मायनर्सच्या (लष्करी इंजिनिअरांच्या तुकडीच्या) सुमारे शंभर माणसांची. त्याच युद्धातली क्रिमियाची पदकंही खलाशांना बहुतांशी कोरीच पोहोचली आणि अनेकांनी ती गावातल्या कारागिराकडून कोरून घेतली. १८५७-६० च्या दुसऱ्या चीन युद्धाचीही आरमारी पदकं सर्रास कोरी. या तिन्ही पदकांवर कोरलेलं नाव दिसलं तर ते खोटंच असं नाही, पण सरकारी पुरावाही नाही. ते नाव त्या काळी कोरलं की काल, हे अक्षरांच्या वळणावरून, खाचेतल्या काळ्या थरावरून आणि सोबतच्या कागदांवरून ठरवायचं.

हुद्दा वाचतानाही सावध राहा. 'ए.बी.' म्हणजे कसलेला खलाशी, 'ऑर्ड.' म्हणजे साधा खलाशी, 'स्टो.' म्हणजे भट्टीवरचा स्टोकर. 'कॅप्टन फोरटॉप' वाचून मात्र कोणी जहाजाचा कप्तान समजू नये. तो पुढच्या डोलकाठीच्या टोळीचा म्होरक्या, म्हणजे खलाशांतला नायक. कुटुंबात "आमचे खापरपणजोबा कॅप्टन होते" अशी आठवण चालत आली असेल तर तिचं मूळ पुष्कळदा इथे सापडतं.

मोजमाप

प्लास्टिकच्या जबड्याचा डिजिटल व्हर्नियर आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरे. बहुतेक पदकं ३६ मिलिमीटर व्यासाची. व्यास एकदाच मोजू नका, दांडीजवळची जागा सोडून दर ३० अंशांवर मोजा. जुनं नाव कानशीने काढून नवं घातलं असेल तर नेमकी नावाच्या पट्ट्यात चांदी कमी भरते. एके ठिकाणी ३६.१ आणि दुसरीकडे ३५.६ असा फरक आला तर तिथे भिंग लावा. कानशीच्या समांतर रेघा किंवा अर्धवट पुसलेल्या अक्षराचं शेपूट दिसेल. खऱ्या पदकाचा साचा घेऊन ओतलेली नक्कल मात्र सगळीकडूनच थोडी लहान निघते. ओतलेला धातू थंड होताना आक्रसतो, दोन टक्के धरले तरी ३६ मिलिमीटरला पाऊण मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. अशा नकलेच्या सपाट भागावर बारीक पुरळासारखे खड्डे असतात आणि राणीच्या केसांच्या बटा मेणासारख्या गुळगुळीत दिसतात.

घनता काढायची असेल आणि फीत सहज निघत असेल तर पेल्यात डिस्टिल्ड पाणी घेऊन पेला काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा. पदक बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला-भिंतीला टेकणार नाही असं धरा. काटा दाखवेल ते बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरडं वजन ३६.२ ग्रॅम आणि पाण्यातला आकडा ३.५ आला तर भागाकार १०.३४, म्हणजे ९२.५ टक्क्यांची स्टर्लिंग चांदी. भागाकार ८.६ ते ९ च्या मधे आला तर जर्मन सिल्व्हर (नावात चांदी, पण चांदी नसलेला मिश्रधातू) किंवा मुलामा दिलेलं तांबं. दांडीच्या सांध्यात हवेचा बुडबुडा अडकला की आकडा चुकतो, म्हणून मऊ ब्रशने बुडबुडे झटका आणि तीनदा मोजा. १८४२ च्या चीन पदकाची दांडीच जर्मन सिल्व्हरची असल्याने त्याची घनता थोडी कमी येणारच. तिथे दचकू नका.

एका पदकाला हे माप लागू नाही. १८६७-६८ च्या ॲबिसिनिया (आजचा इथिओपिया) मोहिमेचं पदक ३३ मिलिमीटरचं, वर मुकुट. ती मोहीम मुंबई इलाख्याच्या लष्कराने काढली, सैन्य मुंबईहून झुलाच्या किनाऱ्यावर उतरलं आणि आरमाराची रॉकेट तुकडी मग्दालापर्यंत गेली. दर्शनी बाजूला राणीच्या छबीभोवती नऊ टोकांची चांदणी आणि टोकांमधे देशाच्या नावाची नऊ अक्षरं. खलाशाचं नाव आणि जहाज कडेवर नसून मागच्या बाजूला मधोमध उठावात घडवलेलं. उठाव हवा तर प्रत्येक नावासाठी वेगळा ठसा लागतो, म्हणून हे पदक पाडायला खर्चिक पडलं. याच्या मागच्या बाजूला नाव खोदलेलं दिसलं तर ताबडतोब सावध व्हा. भारतीय शिपायांच्या पदकांची नावं दाबलेली आहेत, पण ब्रिटिश खलाशाचं नाव उठावातच हवं.

क्लास्प: इथेच जास्त फसवणूक होते

पदकापेक्षा क्लास्पमुळे किंमत वाढते, त्यामुळे क्लास्प बदलण्याचा मोह मोठा. साधारण नियम असा की पहिली लढाई पदकाला सर्वांत जवळ आणि पुढच्या वर वर. रिबिटा दोन्ही बाजूंनी पाहा. मूळच्या रिबिटीचं डोकं घासून मऊ झालेलं, क्लास्पच्याच रंगाचं असतं. चकाकती रिबीट, डाग दिल्याचा करडा ओघळ किंवा दोन क्लास्पच्या अक्षरांची उंची वेगळी, यातलं काहीही दिसलं तर तो क्लास्प उपरा असण्याची शक्यता धरा. मात्र पुष्कळ क्लास्प खलाशाला नंतर मिळाले आणि त्याने ते स्थानिक सोनाराकडून बसवून घेतले, म्हणून एकट्या रिबिटीवर निकाल देऊ नये. तर्कही लावा. १८५७ च्या उठावाच्या पदकावर 'पर्ल' जहाजाचं नाव आणि वर 'लखनौ' क्लास्प असेल तर गाडी रुळावरून उतरली आहे. 'पर्ल'ची तुकडी गोरखपूर भागात लढली, तिचं पदक विनाक्लास्प असतं. लखनौच्या दोन्ही कारवायांत होती ती 'शॅनन'ची तुकडी.

इजिप्तच्या पदकावर (१८८२-८९) जो पुरावा मिळतो तो दुसऱ्या कुठल्याही पदकावर इतका स्पष्ट नसतो. खलाशाला या चांदीच्या पदकासोबत खेदिवाचा, म्हणजे इजिप्तच्या राज्यकर्त्याचा, काशाचा तारा मिळे. तारा टोकदार, त्यावर नाव नाही. दोन्ही शेजारी लटकत आणि चालताना ताऱ्याची टोकं चांदीवर आपटत. चांदी मऊ, त्यामुळे राणीच्या गालावर, मुकुटावर टिकल्यांसारखे बारीक खड्डे पडतात. हे खड्डे म्हणजे दोष नाही, ती जोडी खरोखर वर्षानुवर्षं एकत्र वापरली गेल्याची खूण आहे. पदक गुळगुळीत आणि सोबतचा तारा झिजलेला असेल तर जोडी नंतर जमवलेली आहे. खड्डे भरून 'सुंदर' केलेलं पदक बघून खरंच वाईट वाटतं. इजिप्त पदकाच्या मागे स्फिंक्सखाली '१८८२' असेल तर ते त्या सालच्या मोहिमेचं. नंतरच्या मोहिमांत प्रथमच पदक मिळालेल्यांचं विनासालाचं. आरमारी पदकावरची अक्षरं सरळ उभी, ब्रिटिश लष्कराच्या पदकावरची तिरकी. 'अलेक्झांड्रिया ११ जुलै' हा क्लास्प त्या दिवशीच्या तोफमाऱ्यातल्या जहाजांचाच: 'अलेक्झांड्रा', 'इन्फ्लेक्सिबल', 'सुपर्ब', 'मोनार्क', 'टेमेरेअर', 'सुलतान', 'इन्व्हिन्सिबल', 'पेनेलोपी' ही आठ चिलखती जहाजं आणि सोबतच्या गनबोटी. कडेवर भलतंच जहाज असेल तर आधी यादी, मग पैसे.

न्यूझीलंड, अशांती (पश्चिम आफ्रिकेतली मोहीम) आणि दक्षिण आफ्रिका ही पदकंही आरमाराला मिळाली. अशांतीची अक्षरं कोरून काळ्या रंगाने भरलेली असतात, तो रंग पुसला गेला की ती फिकी वाटतात एवढंच. दक्षिण आफ्रिकेच्या क्लास्पवर लढाईचं नाव नसून सालं असतात.

कागद

आरमाराची कागदपत्रं लंडनमधल्या क्यू इथे नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. संकेत 'एडीएम' आणि पुढे आकडा. शोधखिडकीत ही तीन अक्षरं रोमन लिपीत टाइप करायची. क्रम असा ठेवा.

पहिलं, एडीएम १७१: पदकांच्या याद्या. मोहीम आणि जहाज यांनुसार नाव, हुद्दा, क्लास्प इथे मिळतात. पदक जप्त झालं किंवा परत आलं असेल तर शेरा असतो. 'रन' म्हणजे पळून गेला. अशाला पदकावर हक्क राहत नसे.

दुसरं, सेवेची नोंद. १८५३ पासून खलाशांची कायम नोकरी सुरू झाली, ती पुस्तकं एडीएम १३९ मध्ये, १८७२ पर्यंत. १८७३ पासून पुढचे एडीएम १८८ मध्ये. इथे जन्मगाव, जन्मतारीख, उंची, डोळ्यांचा रंग, गोंदणं आणि जहाजांची तारीखवार यादी मिळते. आरमारी पदकाच्या कडेवर सहसा नंबर नसल्याने नाव, हुद्दा आणि जहाज या तिन्हींचा मेळ बसेपर्यंत माणूस पक्का मानू नका.

तिसरं, १८५३ च्या आधीच्या माणसासाठी जहाजाचे हजेरीपट, एडीएम ३६ ते ३९. हे मोठाले गठ्ठे हाताने चाळावे लागतात. रकान्यांत वय, जन्मगाव, जहाजावर आल्याची तारीख आणि शेवटी एक-दोन अक्षरं: 'डी' म्हणजे सोडला, 'डीडी' म्हणजे मेला, 'आर' म्हणजे पळाला. नवारिनोचा दावा तपासायचा तर २० ऑक्टोबर १८२७ या दिवशी माणूस जहाजावर हजर होता का, एवढंच बघायचं. आठवडाभर आधी इस्पितळात उतरवलेला असेल तर क्लास्पचा प्रश्नच नाही.

ईस्ट इंडिया कंपनीच्या इंडियन नेव्हीतल्या, म्हणजे मुंबईच्या आरमारातल्या माणसाचा शोध मात्र क्यूला घेऊ नका. ते कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस संग्रहात आहेत, आणि सागरी खात्याचे जुने दप्तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात बघावं.

एक जुळवून पाहिलेला नमुना

विल्यम हॉल, जन्म कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा, १८५२ मध्ये ब्रिटिश आरमारात दाखल. 'रॉडनी' जहाजावरून क्रिमियाच्या किनाऱ्यावर उतरलेल्या तुकडीत होता, म्हणून क्रिमियाचं पदक 'इंकरमन' आणि 'सेबास्तोपोल' क्लास्पसह, आणि जोडीला तुर्की क्रिमिया पदक. नंतर 'शॅनन'वर. कप्तान पील यांची तुकडी जहाजाच्या तोफा ओढत लखनौला पोहोचली. १६ नोव्हेंबर १८५७ ला तिथल्या शाह नजफ मकबऱ्याच्या भिंतीसमोर तोफेवर शेवटपर्यंत उभे राहिलेल्यांत लेफ्टनंट यंग आणि हॉल होते. त्यासाठी दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस हा शौर्याचा सर्वोच्च सन्मान, आणि उठावाच्या पदकावर 'रिलीफ ऑफ लखनौ' व 'लखनौ'. राजपत्रात हॉलचा हुद्दा 'कॅप्टन ऑफ द फोरटॉप'. वर सांगितलेला सापळा इथेच आहे.

आता तपासणीच्या नजरेने पाहा. जहाज बदललं तसं पदक बदललं, क्लास्प त्या-त्या जहाजाच्या कामाशी जुळतात, तारखा एकमेकींवर चढत नाहीत. त्या काळी आरमारातल्या व्हिक्टोरिया क्रॉसची फीत निळी असे, १९१८ पर्यंत. लाल फीत दिसली तर ती नंतर बदललेली आहे. छातीवरचा क्रमही ठरलेला: क्रॉस पहिला, मग ब्रिटिश पदकं सालाप्रमाणे, परदेशी पदक शेवटी. एखाद्या संचात तुर्की पदक मधेच ओवलेलं असेल तर कोणीतरी तो नंतर जोडला असावा. अशा प्रत्येक संचासाठी एका कागदावर चार रकाने आखा: जहाज, तारखा, पदक, क्लास्प. जिथे रकाना रिकामा राहतो तिथे पुढचा शोध.

ठेवणे आणि नेणे

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात चांदी लवकर काळवंडते. पदक ॲसिडमुक्त कागदात किंवा मायलरच्या (पारदर्शक पॉलिएस्टरच्या) पाकिटात ठेवा, पीव्हीसीच्या मऊ पाकिटात नको; त्यातून सुटणारा चिकट हिरवा थर चांदी खातो. लोकर, फेल्ट आणि रबर यांत गंधक असतं, म्हणून मखमली डबीतलं मूळ अस्तर असेल तर पदक त्यापासून वेगळं ठेवा आणि डबी शेजारी जपा. सोबत सिलिका जेलची पुडी, रंग बदलला की ती तव्यावर किंवा ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरा. जुनी फीत फाटकी असली तरी टाकू नका. नवी ओवायची तर जुनी त्याच पाकिटात तारीख लिहून ठेवा.

परदेशी लिलावात पाठवायचा विचार असेल तर आधी थांबा. पुरातन वस्तू कायदा १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. पार्सल करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात पदक दाखवून लेखी उत्तर घ्या. आणि चोरबाजारात पदक विकत घेताना, विकणाऱ्याने कोणत्या गावातून, कुणाच्या घरातून आणलं ते विचारून त्याच दिवशी लिहून ठेवा. तो कागद पदकासोबत त्याच पाकिटात.